प्रभुभोजनाचे पेले

नाशिक, ९ मार्च २०२५

रवी,

सलाम. हा सलाम आईने लावलेली सवय म्हणून लिहिला आहे. बाकी तुझ्यासाठी माझ्या मनात या घडीला काहीही गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते.

फोन केला की तू म्हणतोस, ताई, आवाज तुटतोय. मी मुद्द्यावर आले की नेमकी मस्कतची रेंज जाते. म्हणून पत्र लिहिते आहे. हे पूर्ण वाचायचं. बायकोला फोन करून "ताईने काय लिहिलंय, थोडक्यात सांग" असं विचारायचं नाही, कारण वेदिकाला मी हे दाखवलेलं नाही.

व्हिडिओ तू पाहिलास. पाहून त्याच्याखाली हसणारी तीन तोंडं टाकलीस. चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर, पाळक साहेबांच्या देखत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती पोरांच्या व्हिडिओने अर्धी आणि तुझ्या त्या तीन तोंडांनी अर्धी.

गेल्या रविवारी प्रभुभोजन झालं. तू विसरला असशील म्हणून सांगते, आपल्या चर्चमध्ये ते महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. भाकरीचा एक तुकडा आणि अंगठ्याएवढ्या काचेच्या पेल्यात घोटभर द्राक्षरस. तो रस आपल्या घरी होतो. आधी आई करायची, ती गेल्यापासून मी करते. चर्चमधली भक्ती संपली की पेले मी घरी आणते, धुते आणि व्हरांड्यातल्या टेबलावर पालथे घालते. बाटलीत राहिलेला रस आजाऱ्यांसाठी ठेवायचा असतो. पाळक साहेब आठवड्यात घरोघर जाऊन त्यांना प्रभुभोजन देतात.

मी दुपारी जरा आडवी झाले होते. तेवढ्यात तुझे चिरंजीव सार्थक आणि शेजारच्या संतोषचा मुलगा माझ्या फ्रीजमधून ती बाटली काढतात, पेले भरतात, एकमेकांवर आपटतात आणि घशात ओततात. तुझी आरोही मोबाइल धरून खिदळते. हे सगळं एकवेळ मी पोरखेळ म्हणून सोडलं असतं. पण सार्थक पेला वर धरून जे शब्द बोलतो, ते तू नीट ऐकलेस का? पाळक साहेब वेदीपुढे म्हणतात तेच शब्द. त्यांच्याच आवाजात, त्यांच्यासारखा घसा खाकरून. एकही शब्द चुकला नाही. मागे कसलं तरी धाडधाड गाणं.

पोराला शब्द न् शब्द पाठ आहे. ते मीच पाठ करून घेतलं आहे, हे मला किती लागलं असेल याचा विचार कर.

मंगळवारी पाळक साहेब सुलाबाईंकडे जायला म्हणून बाटली न्यायला आले. सुलाबाई वर्षभर अंथरुणावर आहेत, महिन्यातून त्यांना एवढीच एक गोष्ट हवी असते. बाटली रिकामी. पाळक साहेब म्हणाले, राहू द्या मैनाताई, पुढच्या महिन्यात देऊ. मी त्यांच्यापुढे मान खाली घालून उभी राहिले.

सार्थकचं नाव मी दृढीकरणाच्या यादीतून काढलं आहे. मे महिन्यात बिशप साहेब येतील तेव्हा मी शिकवते त्या वर्गातली बाकीची मुलं विश्वासाचा शब्द द्यायला उभी राहतील, हा राहणार नाही. काय बोलायचं ते मला पत्राने बोल.

तुझी ताई,
मैना


नाशिक, २३ मार्च

रवी,

पत्राने बोल म्हटलं तर तू दहा मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवलास. तोही तुझ्या बायकोच्या मोबाइलवर, म्हणजे स्वयंपाकघरात तिघांनी उभं राहून तो ऐकला.

तू म्हणतोस, ताई, तो रस बाटलीतला होता, वेदीवरचा नव्हता, त्यावर अजून प्रार्थना झाली नव्हती, मग तो नुसता रसच. वकिली छान करतोस. सातपूरला फिटर म्हणून उगाच राबलास. मग त्या पोरांनी तो नुसता ग्लासात ओतून प्यायला असता. ते शब्द कशाला लागले? वेदीवरचे पेले कशाला लागले? मजा त्या पेल्यांचीच होती ना.

तू म्हणतोस, पोरं आहेत. सार्थक सोळाव्यात आहे, रवी. मिशी फुटली आहे.

तू म्हणतोस, आपणही लहानपणी चर्चमध्ये दंगा करायचो. करायचो. बाकाखालून सरपटत जायचो. पण वडिलांनी वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकले की तू गप्प व्हायचास. कोणी दटावलेलं नसताना गप्प व्हायचास. मी तुला पाहिलेलं आहे, त्यामुळे मला हे सांगू नकोस.

माझं दुखणं वेगळंच आहे आणि ते तुझ्या डोक्यात शिरत नाही. सार्थक वाईट मुलगा नाही. त्याला सगळं येतं, हीच अडचण आहे. वर्गात मी प्रश्न अर्धा विचारते आणि उत्तर येतं. ख्रिस्त कोणासाठी मेला, असं विचारलं की नऊच्या नऊ मुलं एका सुरात ओरडतात, पाढे म्हटल्यासारखी, आणि एकीकडे बाकाखाली एकमेकांच्या पायावर पाय देतात. एक माणूस त्यांच्यासाठी हालहाल होऊन मेला हे ती सांगतात आणि त्याच दमात विचारतात, आत्या, आज बिस्किटं आहेत का?

आपण चर्चच्या कंपाउंडात जन्मलो. घंटा झाली की आपण इस्त्री शोधायला लागतो. त्र्यंबकच्या रस्त्याला माणसं अनवाणी चाललेली दिसतात, कुठल्या कुठल्या गावांहून आलेली असतात. त्यांचा धर्म वेगळा, पण पायाला फोड आलेले मला दिसतात. आपल्या पोरांना वीस पावलं चालायची असतात आणि ती दुसऱ्या गीताला पोचतात. रोज जेवणाआधीची प्रार्थना आरोही इतकी भराभर उरकते की आमेनच्या आधी तिचा हात पोळीवर असतो. वेदिकाला सांगितलं तर ती म्हणते, म्हणते ना पण, ताई.

काल पाळक साहेब आले होते. तू त्यांना फोन केलास हे त्यांनी लपवलं नाही. म्हणाले, "मैनाताई, मोठं मन करा. रविराज दर नाताळाला मंडळीची किती आठवण ठेवतो. आणि बिशप साहेबांपुढे एक मूल कमी दिसणं बरं नाही." मी विचारलं, "साहेब, व्हिडिओत तो तुमची नक्कल करत होता, तुम्हाला काय वाटलं?" त्यांनी पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मला वाटलं, माझा आवाज खरंच तसा लागतो का?"

हसू आलं मला. रागही आला. पण त्यांचं ऐकून मी नाव पुन्हा घातलं आहे, एका अटीवर. एप्रिलच्या प्रभुभोजनाचा रस सार्थक माझ्याबरोबर करेल. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

आणि वेदिकाकडून कळलं की तू त्र्यंबक रोडचा हॉल ठरवून बसला आहेस. दोनशे माणसं, केक, पोराला सूट. दृढीकरण आहे की लग्न? बाप्तिस्म्यात तू आणि वेदिकाने त्याच्या वतीने देवाला शब्द दिला होता, तो त्याने आता स्वतःच्या तोंडाने द्यायचा, एवढंच त्या दिवशी असतं. त्यासाठी पनीर टिक्का लागत नाही.

मैना


नाशिक, ७ एप्रिल

प्रिय रवी,

आज मी कमी रागावलेली आहे आणि जास्त घाबरलेली आहे. हे पत्र दोनदा वाच.

शनिवारी सकाळी सार्थक आला. मोबाइल वेदिकाकडे ठेवून आला, ती माझी अट होती. तोंड फुगलेलं. मी रविवार कारंज्यावरून काळे मनुके आणले होते आणि आदल्या संध्याकाळी भिजत घातले होते. संतोष दर महिन्याला म्हणतो, आत्याबाई, एवढा खटाटोप कशाला, विंचूरकडून तयार ज्यूसची पेटी मागवू. मी त्याला उत्तर देत नाही. आई म्हणायची, ज्याच्यासाठी आहे त्याच्यासाठी हात दुखू द्यावेत.

त्याला एक एक मनुका बघून घ्यायला लावला. देठ काढ, किडका बाजूला काढ. मग मंद गॅसवर उकळत ठेवले. ढवळत राहायचं, बुडाला लागू द्यायचं नाही. तासाभराने म्हणाला, "आत्या, यूट्यूबवर मिक्सरमधून काढतात." म्हटलं, ढवळ. थंड झाल्यावर मलमलच्या फडक्यात घालून पिळायला दिले. हे काम जोराचं आहे, माझ्या मनगटांना आता होत नाही. त्याने पिळलं. रस बोटांवरून कोपरापर्यंत ओघळला, लाल, काळसर. तो हाताकडे बघत राहिला.

मला वाटलं, आता याला काहीतरी उमगेल. मी मनातल्या मनात प्रार्थनासुद्धा केली. तर तो म्हणाला,

"आत्या, तू रागावशील. पण मला काहीच वाटत नाही."

"कशाचं?"

"कशाचंच. तू सांगतेस, पाळक साहेब सांगतात, उत्तम शुक्रवारी क्रुसाचं ऐकून सगळे रडतात. मम्मी पण रडते. मला पुढचं वाक्य आधीच माहीत असतं. त्यामुळे मी नुसता वाट बघतो, ते कधी येतंय याची. पिक्चर दहाव्यांदा बघितल्यासारखं. त्या दिवशी व्हिडिओत ते बोललो ना, तेव्हा पण काही वाटलं नाही. वाटलं असतं तर बोललोच नसतो."

तो फडकं पिळत होता.

"बिशप साहेब विचारतील, तुझा विश्वास आहे का, तू शब्द देतोस का. बाकीचे होय म्हणतील. मी पण म्हणू शकतो, आत्या. मला येतं ते. पण ते खोटं होईल ना?"

रवी, इतकी वर्षं मी हा वर्ग घेते आहे. होय म्हणताना ते खोटं तर होणार नाही ना, ही भीती त्यात आजवर कोणालाही वाटलेली नाही. माझ्या हाताखालून गेलेली सगळी पोरं फडाफडा होय म्हणून गेली. त्यातली अर्धी आता फक्त नाताळला दिसतात, केस सेट करून. आणि हा, ज्याने पेल्यांचा खेळ केला, हा एकटा त्या शब्दापुढे अडला आहे.

मी त्याला काय म्हणाले ते तुला कळायला हवं, कारण उद्या वेदिका वेगळं सांगेल. मी म्हणाले, "मग होय म्हणू नकोस. ज्या दिवशी खरं असेल त्या दिवशी म्हण. देव हॉल बुक करून बसलेला नाही."

त्याला पुढच्या वर्षापर्यंत वेळ दे. हॉल रद्द कर. मी तुला हे मोठी बहीण म्हणून सांगत नाही, हात जोडून सांगते.

ताई


नाशिक, २१ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

रविराज,

काल आपल्या स्मशानभूमीत पहाटेची भक्ती झाली. आईच्या आणि वडिलांच्या कबरीवर मेणबत्त्या लावल्या. सार्थक आणि आरोही माझ्यापासून चार कबरी लांब उभे राहिले, कारण तू त्यांना माझ्याजवळ यायला बंदी केली आहेस. आरोहीने लांबून हात हलवला आणि वेदिकाने तो खाली केला.

तू फोनवर मला जे बोललास ते मी इथे लिहीत नाही. एक मात्र लिहिते. तू म्हणालास, "तुला स्वतःची पोरं नाहीत म्हणून माझी बिघडवतेस." हे म्हणायला रेंज बरी मिळाली तुला.

ठीक आहे. आता माझं ऐक.

मी पोराला बिघडवलं असं तू म्हणतोस. त्याने पेले आपटून व्हिडिओ काढला तेव्हा तो बिघडलेला नव्हता, तेव्हा तू हसलास. तो म्हणाला की मला देवाशी खोटं बोलायचं नाही, तेव्हा तो बिघडला. तुझा तराजू मला कळत नाही. तुला पोराचा विश्वास नकोच आहे. तुला सूट घातलेल्या पोराचा फोटो हवा आहे. मस्कतहून दोन वर्षांनी येणार, लोक म्हणणार, वा, रविराजने केलं बरं का.

तू त्याला म्हणालास, "नुसतं होय म्हणायचं, त्यात काय जातं?" हे मला त्याच्याकडून कळलं. बंदी मोडून आला होता, कुंपणावरून बोलला आणि गेला. रवी, बापाने पोराला याहून वाईट काही शिकवलेलं मी ऐकलेलं नाही. आपण सगळं आयुष्य या वीस पावलांच्या अंतरात काढलं आणि शेवटी तुला एवढंच समजलं, की नुसतं होय म्हणायचं, त्यात काय जातं.

वर्गाची शिक्षिका म्हणून त्या दिवशी नावं मलाच वाचायची आहेत. ही मुलं तयार आहेत असं बिशप साहेबांसमोर मला म्हणावं लागतं. सार्थक तयार नाही. मी त्याचं नाव वाचणार नाही. तू विमानाने ये, नाहीतर पोहत ये.

मैना


नाशिक, ५ मे

प्रिय रवी,

तू काल रात्रीच्या गाडीने मुंबईला गेलास असं वेदिकाने सांगितलं. माझ्या दारावरून गेलास आणि थांबला नाहीस. तुझ्या बुटांचा आवाज मी ओळखते.

तुला वाटत असेल मी शब्द फिरवला. फिरवला. शनिवारी सार्थक पुन्हा कुंपणाशी आला आणि म्हणाला, "आत्या, तू नाव वाच. तू गाळलंस तर पप्पा सगळ्यांसमोर तुला बोलतील. माझं मी सांगतो." मी त्याला म्हटलं, तुझ्याने होईल का? म्हणाला, "बघू." एवढंच आमचं ठरलं होतं. बाकी कट वगैरे काही नव्हता.

म्हणून काल मी नऊ नावं वाचली, आणि ती मुलं तयार आहेत असं म्हणायच्या जागी म्हणाले, या मुलांना मी आपल्यापुढे उभं करते आहे. बिशप साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. तू पहिल्या बाकावर होतास, मोबाइल उभा धरून. मुलांनी ओळीने होय म्हटलं. सार्थकचा नंबर आला. तू आणलेल्या सुटात त्याला घाम फुटला होता. तो म्हणाला, "साहेब, माझं अजून नाही."

तेवढ्यावर तू उठलास. वेदिकाचा दंड धरलास आणि मधल्या वाटेने चालता झालास. आरोही रडत मागे गेली. मंडळीतलं एकही डोकं पुढे बघत नव्हतं. हॉलवर जाऊन तू लोकांना काय सांगितलंस कोण जाणे. केकवर त्याचं नाव होतं आणि तो लोकांनी खाल्ला, असं संतोष म्हणाला.

मला तुझा राग आहे आणि तो इतक्यात जाणार नाही. तू पोराला तिथे एकटं सोडून गेलास. तो ओळीत उभा होता आणि त्याचा बाप दारातून बाहेर पडत होता, ते त्याने पाहिलं. ही गोष्ट मी तुला सहजासहजी माफ करणार नाही. प्रभू करेल, त्याचं मन मोठं आहे.

पण तू गेल्यानंतरचं तुला माहीत नाही, म्हणून हे पत्र.

बिशप साहेबांनी त्याला काही उपदेश केला नाही. "बस, बाळा," म्हणाले आणि पुढच्या मुलीकडे वळले. तो बसला. निघून जाईल असं मला वाटलं होतं. तो शेवटपर्यंत बसला. बाकीची आठ मुलं पहिल्यांदाच कठड्याशी गुडघे टेकून प्रभुभोजन घ्यायला गेली, तेव्हा त्या बाकावर तो एकटा होता. पायांकडे बघत नव्हता. पुढे बघत होता.

भक्ती संपल्यावर मी मागच्या खोलीत पेले आवरायला घेतले. तो आत आला, कोट काढून खुंटीला अडकवला, बाह्या वर केल्या. रिकामे पेले तो बादलीत घालत गेला. नवीन मुलांसाठी मी एका लहान ट्रेमध्ये नऊ पेले वेगळे भरले होते. आठ रिकामे आले. एक तसाच भरलेला होता.

"हा माझा ना?" त्याने विचारलं.

"हो."

मार्चमध्ये याच पोराने माझ्या व्हरांड्यात असे सहा-सात पेले एकामागून एक ढोसले होते. काल त्याने तो एक पेला दोन्ही हातांनी उचलला आणि सांडू नये म्हणून खांदे आवळून उभा राहिला. म्हणाला, "आता याचं काय करायचं?"

मी त्याला चर्चमागच्या बकुळीपाशी नेलं. वेदीवर उरलेला रस तिच्या बुंध्याशी ओततात, आई ओतायची, मी ओतते. आपण दोघं त्या झाडाखाली लहानाचे मोठे झालो. तो वाकला, पेला तिरपा केला, आणि थांबला.

"आत्या, मोरीत का नाही ओतायचं?"

रवी, तू हे कधी विचारलं नाहीस. मी आईला कधी विचारलं नाही. वर्गातल्या एकाही मुलाने कधी विचारलं नाही. सगळ्यांना सगळं माहीत होतं.

मला रडू येत होतं. मग तो उत्तराची वाट न बघता अगदी सावकाश, थेंब थेंब ओतत राहिला. पेला रिकामा झाल्यावरही तो तसाच वाकून होता, आणि त्याचे ओठ हलत होते. काय म्हणत होता ते मला ऐकू आलं नाही. मी शिकवलेलं काही असतं तर मला ओठांवरून कळलं असतं.

आजूबाजूला कोणी नव्हतं. मोबाइल त्याच्या कोटात होता आणि कोट आत खुंटीला. त्यामुळे याचा व्हिडिओ नाही. तुला माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा लागेल.

तुझी ताई,
मैना